वयनीची झोप आणि चमचाभर जायफळ

रुग्ण स्त्री, वय ४६. मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका गावात चार खोल्यांचं न्याहारी-निवास, त्याला लागून खानावळ. तक्रार: तीन महिने झोप नीट नाही, छातीत धडधड, मान आणि खांदे भरून येतात, घरच्यांवर उगाच ओरडणं होतं. मागणी: झोपेची गोळी.

केस-पेपरवर एवढंच होतं. पुढचं सगळं तिच्या परवानगीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. वाडीत लहानथोर सगळे तिला वयनी म्हणतात, म्हणून इथेही वयनीच. ताणतणावावरचे नैसर्गिक उपाय म्हणून जे काही सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं तिने माझ्याकडे येण्याआधीच करून पाहिलं होतं. आणि माझ्या मते त्यातल्याच दोन उपायांनी तिची धडधड वाढवली होती. मी स्वतः आयुर्वेदाचा पदवीधर, त्यामुळे हे लिहिताना जराशी पंचाईत आहे खरी. पण ते असो.

पहिली भेट

डिसेंबरचा दुसरा आठवडा. वयनी आत आली तीच घाईत. "डॉक्टरानू, माका झोपेची गोळी देवा. बाकी काय नको. नाताळाक घर फुल्ल आसा."

रक्तदाब १५२/९४ आला. पण बाहेर बाकावर बसल्या बसल्या तिने मशेरी लावली होती आणि घरून निघताना चहा घेतला होता. तंबाखू किंवा चहानंतर निदान अर्धा तास थांबूनच रक्तदाब मोजावा, नाहीतर आकडा फसवतो. तिला बसवून ठेवलं, मधे दोन पेशंट पाहिले, मग पुन्हा मोजला: १३८/८८. चांगला नाही, पण घाबरण्यासारखाही नाही. नाडी मात्र बसूनसुद्धा १०४.

ही नाडी मला खटकली. धडधड आणि निद्रानाश सांगणारी चाळिशीपुढची बाई आली की "टेन्शन घेऊ नका" म्हणून वाटेला लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण रक्त कमी असलं तरी धडधडतं, थायरॉइड वाढलं तरी धडधडतं, पाळी जाण्याच्या वयातही धडधडतं. ताण हे निदान बाकीचं पाहून झाल्यावरच करावं. म्हणून ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, लिहून दिलं. वयनीला सहा वर्षांपासून थायरॉइड कमी असल्याची गोळी चालू होती, रोज ५० मायक्रोग्रॅम, आणि ती ती न चुकता उपाशीपोटी घेत होती.

"आणखी काय काय घेता?" असं विचारल्यावर "काय नाय" म्हणाली. हे उत्तर मला रोज मिळतं. लोकांच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरने दिलेलं. जे झाडाचं आहे, मसाल्याच्या डब्यातलं आहे, पाहुण्यांनी प्रेमाने दिलेलं आहे, ते औषधात धरत नाहीत. म्हणून मी प्रश्न बदलतो. "रात्री निजताना काय पिता? सकाळी चमच्याने काय खाता? कुणी काय आणून दिलंय?" मग पिशवी उघडली.

पिशवीत तीन गोष्टी होत्या. ब्राह्मीच्या तेलाची बाटली, अश्वगंधाच्या कॅप्सूलची डबी आणि स्टीलच्या छोट्या डबीत तपकिरी पूड. तेलाचं सोडून देऊ. डोक्याला लावून तिला बरं वाटत होतं आणि त्यात अडचण काही नव्हती.

कॅप्सूल पुण्याहून आलेल्या एका पाहुणीने दिल्या होत्या. "अगदी नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट काही नाही" असं सांगून. दिवसाला दोन, अडीच महिने चालू. आता अश्वगंधाबद्दल सरळ बोलायचं तर ते थोतांड नाही. त्याच्या अर्कावर माणसांवर चाचण्या झाल्या आहेत, बहुतेक दोन-तीन महिन्यांच्या. त्यांत ताण आणि झोप यांत थोडा फरक दिसतो. थोडा. मात्र ते थायरॉइडच्या संप्रेरकाची पातळी वाढवू शकतं. ज्याची गोळी आधीच चालू आहे त्याने ते विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदरपणात तर नाहीच, आणि क्वचित का होईना यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. वयनीचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. टीएसएच ०.१८. साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान हवं. हा आकडा उलटा चालतो, संप्रेरक जास्त झालं की तो खाली जातो. म्हणजे शरीरात थायरॉइडचं संप्रेरक जास्त झालं होतं, आणि त्याची लक्षणं काय? झोप उडणं, धडधड, चिडचिड. ज्यासाठी ती कॅप्सूल घेत होती नेमकी तीच. हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी ठीक निघाले.

तपकिरी पूड जायफळाची होती.

सहाण आणि मिक्सर

जायफळ इकडे परकं नाही. माड-पोफळीच्या सावलीत ते छान वाढतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रत्नागिरीजवळच्या भाट्ये केंद्रातून 'लाखी बाग' म्हणून जी आंतरपिकाची पद्धत लोकांपर्यंत नेली, तिच्यात नारळात जायफळ, दालचिनी, काळीमिरी असतेच. वयनीच्या परड्यातही दोन झाडं आहेत. लहान मुलाला झोप लागावी म्हणून दुधात जायफळ उगाळून चाटवायचं, हे घराघरात चालत आलेलं आहे, आणि सासूबाईंनी वयनीला तेच सांगितलं होतं.

फरक पडला तो कृतीत. उगाळायचं म्हणजे सहाण ओली करायची, जायफळ धरून चार वळसे फिरवायचे, जो लेप येईल तो बोटाने निपटून दुधात घालायचा. चार वळशांत येतो तो लेप नखावर मावेल एवढा. वयनीला रात्री अकरा वाजता सहाण घेऊन बसायला वेळ कुठला? तिने दहा-बारा जायफळं फोडून मिक्सरला लावली आणि रोज निजताना दुधात एक चमचा सपाट भरून घेऊ लागली. झोप नाही आली की दुसरा अर्धा.

एका जायफळाचा आतला गर ५ ग्रॅमच्या आसपास असतो. चहाचा एक चमचा पूड म्हणजे दोन-अडीच ग्रॅम. ५ ग्रॅम आणि त्यापुढे गेलं की जायफळाची विषबाधा होते, हे वैद्यकात नीट नोंदवलेलं आहे. तोंड कोरडं पडणं, मळमळ, धडधड, भीती वाटणं, जास्त झालं तर भास होणं. आणि हे लगेच होत नाही, तीन ते सहा तासांनी सुरू होतं. वयनी साडेअकराला दूध पिऊन अंथरुणावर पडत होती आणि तीनच्या सुमाराला तोंड सुकून, छाती धडधडत जागी होत होती. सगळा दोष जायफळावर टाकता येणार नाही, कॅप्सूल होत्या, बाकीचंही होतं. पण पूड बंद केल्यापासून तोंड सुकणं चार दिवसांत थांबलं. त्यातून काय समजायचं ते मी समजलो.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल दिला: "आमी सहाणेर चार वळसे उगाळतंव. हिणा मिक्सरार पीठच केल्यान." जुन्या उपायांत मात्रा कृतीतच बांधलेली असते. कृती सोडून नुसता पदार्थ उचलला की मात्रा सुटते. आजीच्या बटव्याच्या नावाने फोनवर फिरणाऱ्या बहुतेक संदेशांत पदार्थ असतो, कृती नसते.

दिवसाची मांडणी

दोन्ही गोष्टी बंद केल्या. गोळीचं प्रमाण बदललं नाही, सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायचं ठरलं. प्रकरण इथे संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. कारण कॅप्सूल आणि जायफळ येण्याआधीही वयनी झोपत नव्हती. म्हणून तर ते आलं.

तिला म्हटलं, कालचा दिवस उठल्यापासून सांगा. असा:

साडेचारला उठणं. मशेरी, चहा. नारळ खवणं, घावण्यांचं पीठ, आंबोळ्यांचं पीठ, पाहुण्यांचं पाणी तापवणं. सहाला दुसरा चहा. नवरा रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, संघात, त्याची रापण ओढून झाली की किनाऱ्यावर जाऊन मासे निवडून आणणं, नाही मिळाले तर मालवणच्या लिलावाला मुलाला पळवणं. आठ ते दहा न्याहारी. मग खोल्या, चादरी. एक ते तीन जेवणाच्या थाळ्या. स्वतःचं जेवण चारला, तेही ओट्याशी उभ्याने, उरलेली कढी भातावर ओतून. पाचला पाहुण्यांचा चहा, त्यांच्याबरोबर स्वतःचा पाचवा. सातपासून रात्रीचं जेवण. कुणाला कोंबडी-वडे, कुणाला फक्त शाकाहारी, कुणाच्या लेकराला मॅगी. साडेदहा-अकराला भांडी. मग अंथरुणावर पडून बुकिंगचे मेसेज, साडेबारापर्यंत. "सी व्ह्यू आहे का", "कमी करा ना थोडं", "एसी चालतो ना".

साडेबारा ते साडेचार. चार तास. हा निद्रानाश नाही. झोपेसाठी वेळच ठेवलेला नाही. आणि त्या चार तासांतही तीनला जाग.

त्या तीनच्या जागेबद्दल तिने सहज एक गोष्ट सांगितली. "जाग येताच, मगे म्हटलंय गप पडान रव्हण्यापेक्षा नारळ खवून ठेवया." दोनेक महिने ती तीनला उठून नारळ खवत होती. शरीर अशा गोष्टी फार लवकर शिकतं. तीनला काम सुरू होतं असं त्याला एकदा कळलं की ते अडीचलाच तयारीला लागतं.

याच भेटीत मी दोन प्रश्न विचारले, ते मी अशा प्रत्येक पेशंटला विचारतो. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, हताश वाटतंय का? ज्यात आधी मन रमायचं त्यातला रस गेलाय का? वयनी एकदम सावध झाली. "माका काय येड लागला नाय हा. रत्नागिरीक धाडू नकात." रत्नागिरीचं मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळातलं, आणि तेव्हापासून आख्ख्या तळकोकणात त्या गावाच्या नावाने थट्टा चालते. या थट्टेपायी किती माणसं वेळेवर डॉक्टरकडे गेली नसतील, देव जाणे. तिला समजावलं की त्यासाठी आता कुठे जावंही लागत नाही, १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा, क्रमांक आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मनात जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, दोन आठवडे उदासी हटत नसेल, तर काढे आणि सवयी यांच्यात वेळ घालवू नये. वयनीचं तसं नव्हतं. गावच्या जत्रेला दशावतार बघत ती पहाटेपर्यंत बसली होती आणि राक्षस झालेल्या नटाची नक्कल तिने मला तिथेच करून दाखवली. रस शाबूत होता. दमली होती.

काय बदललं

आता सवयी. मी एकदम सगळं सांगत नाही. आखा दिवस पायांवर उभ्या असलेल्या बाईला "रोज व्यायाम करा, ध्यान करा, पुरेशी झोप घ्या" असं सांगणं म्हणजे तिच्या कामांच्या यादीत आणखी तीन कामं घालणं. नाताळ झाल्यावर, जानेवारीत, वयनी आणि तिचा वीस वर्षांचा मुलगा असे दोघे आले. त्याला मीच बोलावलं होतं.

पहिली गोष्ट फोन. रात्री आठनंतर फोन मुलाकडे. त्याने व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर आपोआप जाणारा निरोप लावून दिला: बुकिंगचं उत्तर सकाळी दहानंतर मिळेल. फोन चार्जिंगला पडवीत, माजघरात नाही. वयनीला भीती होती की गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. काही गेलंही असेल. पण रात्री बाराला भाव करणारं गिऱ्हाईक आलं तरी काय देऊन जातं, हे मुलानेच तिला विचारलं. मी ते विचारलं असतं तर तिला राग आला असता.

दुसरी गोष्ट हिशेब, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा उपाय तोच. मायलेकांनी वही घेऊन नाताळच्या दहा दिवसांचा जमाखर्च मांडला. कुठल्या कामाला किती वेळ, किती पैसे. रात्री उशिराची जेवणं आणि प्रत्येकाच्या आवडीचं वेगळं रांधणं यांत पैसा सगळ्यात कमी आणि दमणूक सगळ्यात जास्त निघाली. त्यावरून नियम ठरले. रात्रीच्या जेवणाची ऑर्डर दुपारी चारपर्यंत, स्वयंपाकघर साडेनऊला बंद, एक मासळीची थाळी आणि एक शाकाहारी, बस. भांड्यांना मोसमापुरती वाडीतलीच एक बाई. तिचा पगार देऊनही हाती फार कमी पडत नव्हतं. ताणावरच्या लेखांत काढे असतात, प्राणायाम असतो, काम कमी करा असं सहसा नसतं. वयनीला जे झालं होतं त्याचा बराच भाग कामाच्या वाटणीचा होता आणि त्यावर झाडपाला चालत नाही.

तिसरी गोष्ट जेवण. सकाळी मशेरी-चहा-टोस्ट याऐवजी साडेसहाला उकड्या तांदळाची पेज, लोणच्याची फोड टाकून, बसून. हे तिला लगेच पटलं, माहेरी तेच खाऊन वाढली होती. दुपारचं जेवण मात्र युद्ध ठरलं. मी म्हटलं, साडेबाराला जेवा, पाहुण्यांची पानं मांडायच्या आधी. सासूबाई त्या दिवशी रक्तदाब दाखवायला बरोबर आल्या होत्या. "पावणे जेवच्या आधी घरची बाई जेवता? असा खंय बघलास तुमी?" मी गप्प बसलो, कारण त्यावर डॉक्टरला उत्तर नसतं. पुढच्या खेपेला कळलं की वयनी साडेबाराला जेवते. वाट सासूबाईंनीच काढली होती: "चव बघल्याशिवाय पावण्यांका वाढूचा कसा?" आता वयनी रोज अर्धा भात, एक बांगडा आणि वाटीभर सोलकढी एवढी चव बघते.

चहा सातवरून तीनवर आला, शेवटचा दुपारी तीनच्या आत. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, आणि वयनीचा चहा म्हणजे पूड घालून दहा मिनिटं उकळलेला. पाहुण्यांबरोबर कप हातात हवाच असतो, त्याला विहिरीकडचा पातीचा चहा, आलं आणि गूळ घालून, पूड न घालता. पातीचहाने ताण जातो असा माझा दावा नाही. तो कॅफिनचा कप नसतो, एवढंच त्याचं काम.

श्वासाचं तिने स्वतःच सोपं केलं. मिनिटाला सहाच्या आसपास, म्हणजे आत घेताना चार आणि सोडताना सहा मोजत श्वास घेतला की हृदयाची गती सावकाश होते, विशेषतः सोडण्याचा श्वास लांब असेल तर. मी दिवेलागणीची वेळ सुचवली, कारण तुळशीपाशी ती रोज उभी राहतेच. नवीन सवय जुन्या सवयीच्या शेजारी बसवली तर टिकते. आकडे मोजणं तिला जमेना, "बाजारचो हिशेब केल्यासारख्या वाटता" म्हणाली. मग ती नामाचा गजर हळू आवाजात, एका श्वासात एक ओळ असा म्हणू लागली. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या जवळ येतो असं दिसलं होतं. म्हणजे वयनीची तुळस आणि तिच्या शेजारणीची रोझरी, दोन्ही चालतील. पाच मिनिटं पुरतात.

चालायला मी वेगळं सांगितलं नाही. मासे आणायला ती किनाऱ्यावर जातच होती, फक्त धावत. समुद्र बघायला मुंबईहून माणसं ५०० किलोमीटर येतात आणि वयनीने कित्येक महिने नुसते मासे बघितले होते. ओहोटीला वाळू घट्ट असते तेव्हा शेजारणीबरोबर वीस-पंचवीस मिनिटं, फोन घरी ठेवून. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यात ती अशीच बसते. तिला त्यातल्या व्यायामापेक्षा शेजारणीशी बोलणं जास्त लागू पडलं, असा माझा अंदाज आहे.

झोपेसाठी नियम दोनच. उठायची वेळ रोज एक, साडेपाच. आणि मधेच जाग आली, झोप येईना, तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून पडवीत बसा, मंद उजेडात. पण काम करायचं नाही. नारळ नाही, पीठ नाही, चादरीची घडीसुद्धा नाही. डोळे जड झाले की आत. पहिला आठवडा फार वाईट गेला. काहीही न करता बसणं वयनीला कुठल्याही गोळीपेक्षा कडू लागलं.

आणि तेल. रात्री दहाला नणंदेची मुलगी तिच्या तळपायांना कोमट खोबरेल लावून काशाच्या वाटीने घासते. त्याने झोप येते याला भक्कम शास्त्रीय पुरावा माझ्याकडे नाही. तरी हा उपाय मी मुद्दाम ठेवला. कारण वयनीनेच सांगितलं: "पायाक तेल लावला काय उठाक येना नाय." तेलकट पायांनी शेणाने सारवलेल्या पडवीत किंवा लादीवर चालता येत नाही. दहा मिनिटं का होईना, बाई एका जागी बसते. जायफळाच्या चार वळशांचंही तसंच आहे. सहाण घेऊन बसलेला माणूस निदान तेवढा वेळ दुसरं काही करत नाही. सासूबाईंनी ते परत सुरू केलं, स्वतः उगाळून देतात, आठवड्यातून एखाद्या वेळी. माझी हरकत नाही.

मशेरी

इथे मला अर्धंच यश आलं. मशेरी म्हणजे तव्यावर काळी भाजलेली तंबाखू, पण बायका तिला दात घासायची वस्तू मानतात, व्यसनात धरत नाहीत. वयनी दिवसातून सहा वेळा लावत होती. निकोटीन नाडी वाढवतं, आणि त्याचा अंमल उतरला की बेचैनी येते. ती बेचैनी पुन्हा मशेरीनेच शमते, म्हणून माणसाला वाटतं की मशेरीने ताण जातो. १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या टोल-फ्री क्रमांकावर मुलाने फोन लावून दिला, समुपदेशकाशी ती दोनदा बोललीही. सहावरून तीनवर आली, मग दोनवर. सकाळची आणि दुपारच्या जेवणानंतरची. त्या दोन सुटत नाहीत. तोंडात चट्टे नाहीत ना हे मी दर खेपेला बघतो आणि विषय काढतो. ती हसते.

आकडे, मे आणि गणपती

फेब्रुवारीत टीएसएच १.९ आलं. नाडी ८२. घरी मशीनवर आठवडाभर मोजलेल्या रक्तदाबाची सरासरी १३१/८४. झोप साडेदहा ते साडेपाच, मधे एखादी जाग धरून सहा-साडेसहा तास. झोपेची गोळी लागली नाही. यातलं किती कॅप्सूल बंद केल्याने, किती चहाने, किती भांडीवाल्या बाईने, हे वेगळं काढता येत नाही. थायरॉइड जागेवर आल्याचा वाटा मोठा, हे नक्की.

मे महिना बरा गेला. साडेनऊला स्वयंपाकघर बंद झाल्यावर एक कुटुंब चिडून गेलं आणि नेटवर एकच तारा देऊन गेलं. वयनी दोन दिवस धुमसली, मग मुलाने त्याखाली नम्रपणे नियम लिहून टाकला. जून-जुलैत ताणाचा प्रकार बदलला. पाहुणे नाहीत, मासेमारी बंद, बँकेचा हप्ता चालू. त्या दिवसांत ती पोटभर झोपत होती आणि पैशांची काळजी दिवसा करत होती. ती काळजी खरीच होती, तिच्यावर मी काही दिलं नाही. फक्त संध्याकाळी वहीत काय देणं, कधी, कुठून, हे लिहून वही मिटायची, एवढं ठरवलं. रात्री तेच पुन्हा डोक्यात आलं तर ते वहीत आहे, असं स्वतःला सांगायचं.

गणपतीत सगळं कोसळलं. मुंबईहून दीर-जावा, त्यांची मुलं मिळून घरात चौदा माणसं. रात्री भजनं, पहाटे मोदक, पुन्हा चहा किती त्याला मोजदाद नाही, मशेरी पाचवर, झोप चार तास. विसर्जनानंतर ती आली तेव्हा मला वाटलं रडेल. तिने सरळ विचारलं, पेजेपासून सुरू करू की फोनपासून? फोन म्हटलं. पंधरा-वीस दिवसांत गाडी बहुतेक रुळावर आली. चाकरमान्यांनी पुढच्या वर्षी भांडी आणि चहा आपल्याकडे घ्यायचं कबूल केलं आहे. ते कितपत होतं ते बघायचं.

सध्या थायरॉइडची गोळी तीच चालू आहे, पुढची तपासणी सहा महिन्यांनी. रक्तदाब काठावर आहे, म्हणून लोणचं-पापडातलं मीठ कमी करायचं बोलणं सुरू आहे, आणि सुक्या बांगड्यापाशी येऊन ते अडलं आहे. नाताळची बुकिंग यंदा मुलगा घेतो. चारपैकी तीनच खोल्या द्यायच्या, असं वयनीचं म्हणणं आहे. नवऱ्याला ते अजून पटलेलं नाही.